कोनदार टोपी

मुरुमहून धाराशिवला निघालेल्या एसटीत एक वयस्कर मामा माझ्या सीटजवळ उभे होते. एका हातानं दांडी धरलेली आणि दुसऱ्या हातात, गर्दीच्या वर, खळ घालून कडक इस्त्री केलेली पांढरी टोपी.

मागून कुणीतरी म्हणालं, "मामा, टोपीचं तिकीट काढलं का?"

"काढलं की! फुल्ल काढलंय."

मी उठून जागा देऊ लागलो.

"नगं लेका, बसल्यावर चेंगरंल. कोनदार ऱ्हायली पायजे. लेक पोलिस झालीय, आज तिची परेड हाय."

कोनदार हा शब्द मी शाळेत भूमितीच्या तासाला शिकलो होतो. दोन कडा मिळून जिथं टोक होतं, तो आकार. त्यांनी तो असा सांगितला, "जलमभर डोक्यावर कडबा वाहिला. टोपी रोज घातली, पर वझ्याखाली तिचा कोन कधी टिकला न्हाय."

मग सगळी बसच टोपी सांभाळू लागली. वळण आलं की कुणीतरी ओरडायचं, "टोपी, टोपी!"

धाराशिवात मी त्यांना मैदानापर्यंत सोडायला गेलो. फाटकाशी त्यांनी टोपी घातली आणि दोन्ही टोकांवरून अंगठा फिरवला. खाकी वर्दी आणि टोपी घातलेली लेक धावत आली, पाया पडायला वाकली. त्यांनी तिचे खांदे धरले.

"वाकू नगं. टोपी पडंल. ताठ ऱ्हा."

माझ्या घरातला पहिला पदवीधर मी. वडिलांची चेपलेली टोपी आठवली आणि परतताना मी त्यांच्यासाठी नवी, कडक टोपी घेतली.