पलीकडचा नावाडी

आमच्या खाडीच्या मध्यावर एक बेट आहे. बेट म्हणजे वाळू, थोडी झाडं आणि सात-आठ घरं. उत्तर काठचे लोक त्याला 'पलीकडे' म्हणतात आणि दक्षिण काठचेही 'पलीकडे'च म्हणतात. वेगळं नाव द्यायची कुणाला गरज पडली नाही. आमचा नावाडी तिथला. दिवसभर तो या ना त्या काठावर असायचा. घर कुठं विचारलं की तोही मान वळवून सांगायचा, "पलीकडे."

जिल्हा एक होता तोवर हे खपून गेलं. समुद्र आणि डोंगर यांच्यामधली लांबलचक पट्टी, आणि कचेरी पार दक्षिणेच्या टोकाला. उत्तरेकडच्यांचे साध्या दाखल्यासाठी हाल व्हायचे, म्हणून जिल्ह्याचे दोन तुकडे केले आणि खाडी हद्द ठरली. नकाशावर रेघ ओढायला काय जातं? उत्तरेच्या कारकुनाने काठावरूनच बेटाकडे बोट दाखवून विचारलं, तर लोक म्हणाले, "ते पलीकडचं." दक्षिणेच्या कारकुनालाही हेच ऐकायला मिळालं. दोघांनी बेट सोडून दिलं. यात कुणीच खोटं बोललं नाही, याचाच मला जास्त राग येतो.

मग होडीचा परवाना संपला. नवा हवा तर जिल्ह्याचा रहिवासी हवा. उत्तरेच्या कचेरीत विचारलं, "राहता कुठं?" हा सवयीने बोलून गेला, "पलीकडे."

"मग पलीकडच्या कचेरीत जा."

दक्षिणेच्या कचेरीतही तेच झालं. दोन घरचा पाहुणा उपाशी. होडीत माणसं बसवायला बंदी आली आणि त्याची चूल कशीबशी पेटू लागली.

बऱ्याच हेलपाट्यांनंतर दक्षिणेचे साहेब स्वतः नावाड्याबरोबर बेट बघायला आले. नावाड्याची बायको दारात कपडे वाळत घालत होती.

"बाई, तुम्ही कुठं राहता?"

"इथं," ती म्हणाली.

"तुमचे मालक तर कचेरीत 'पलीकडे' सांगत होते."

ती नवऱ्याकडे बघत राहिली. मग दक्षिणेकडे हात करून म्हणाली, "ओहोटीला त्या काठावर चालत जाऊन पाणी आणते मी. दुसऱ्या काठाला चालत जाता येत नाही." साहेब बूट हातात घेऊन चिखलातून काठापर्यंत चालून आले. बेट दक्षिणेत गेलं, परवाना मिळाला.

पुढचं त्यानेच मला सांगितलं. त्या संध्याकाळी तो खुशीत घरी गेला, "मिटलं एकदाचं" म्हणाला. ती उंबऱ्यावर बसली होती. वर न बघता म्हणाली, "इतक्या वर्षांत घराला एकदाही 'इथं' म्हटलं नाहीत तुम्ही."

त्याने वल्ही भिंतीला टेकवली.

"इथं बसू?" त्याने विचारलं.

ती थोडी सरकली.