जमादारांचा अंगठा

पोलीस कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाला गोष्टी मुद्दाम आठवाव्या लागत नाहीत. त्या आपोआप साठतात. एक सांगायला काढली की तिच्यामागून दुसरी दारात येऊन उभी! माझ्या तर निम्म्याहून जास्त गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, आमच्या दस्तगीर जमादारांच्या. महाराजांच्या अमदानीत कोल्हापूर शहराचं पोलीसखातं कसं चालायचं, असं कुणी विचारलं की मी खात्याचं सांगायला लागतो आणि जमादारांवर येऊन थांबतो.

*

नोकरीच्या पहिल्याच दिवशी फौजदारांनी मला खात्याची उतरंड समजावून सांगितली. शिपायावर नाईक, नाइकावर जमादार, जमादारावर फौजदार, फौजदारावर सुपरिंटेंडेंट साहेब, साहेबांवर दरबार आणि दरबारावर खुद्द महाराज. मी सगळं नीट कागदावर उतरवून घेतलं.

दाराशी सहा फुटी जमादार उभे होते. मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "कारकून, वर अजून येक वळ लिवा की."

"महाराजांच्या वर कोण?"

"शिवाजी पेठंतल्या बायका! त्या कुणाला भ्यात न्हाईत. सरळ गाडी आडवून गाऱ्हाणं सांगत्यात!"

*

ते खोटं नव्हतं. महाराजांची गाडी कोणत्या रस्त्यानं येईल याचा नेम नसे, आणि ती थांबवून कुणीही बोलू शके. गाऱ्हाणं पोलिसाचं असलं तर संध्याकाळच्या आत ते पायरी पायरी उतरत आमच्या चौकीवर येऊन आदळायचं. त्यामुळे चाकांचा खडखडाट ऐकला की आमचे फौजदार आधी पागोटं चाचपायचे.

एकदा असाच आवाज आला. "अटेन्शन!" फौजदार ओरडले. सगळी चौकी रस्त्यावर ओळीत उभी राहिली. खाडकन सॅल्यूट! आणि वळणावरून आली वैरणीची गाडी. गाडीवान बिचारा इतका भेदरला, की त्यानं कासरा सोडून दोन्ही हातांनी सॅल्यूट ठोकला.

फौजदार लालबुंद झाले. जमादारांचा हात मात्र गाडी पुढे जाईपर्यंत कपाळावरच होता. म्हणाले, "ऱ्हाऊ दे की साहेब. त्यो बी रयतच हाय."

*

जमादारांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुळीच नाही! रिपोर्टवर ते अंगठा उठवायचे. पण डोकं असं, की त्याला वहीची गरजच नाही. सगळ्या शिपायांची हजेरी ते तोंडपाठ घ्यायचे. नाव, गाव, पट्ट्याचा नंबर, आज ड्युटी कुठं, काल कुठं होती, सगळं.

नवे सुपरिंटेंडेंट साहेब आले तेव्हा त्यांना हे पटेना. ते हजेरीचं बुक उघडून बसले आणि जमादारांना बोलायला लावलं. बुकात बेचाळीस शिपाई भरले, जमादारांच्या तोंडी एकेचाळीस. साहेबांना आनंद झाला. "एक विसरलास, जमादार!"

"न्हाय साहेब. तुमचा बेचाळिसावा जयसिंगपुराला बदलून गेलाय, पाडव्याच्या आदी. नवी पेठ वसतीया न्हवं तिथं. बुकाला कुणी सांगितलं न्हाय जणू."

बुक माझं होतं. मान खाली घालून मी एक नाव खोडलं.

*

एकदा दोन तालमींचं वाजलं. पन्नास-साठ पैलवान काठ्या घेऊन चौकात समोरासमोर. फौजदार जादा कुमक मागवायला चिठ्ठी लिहायला बसले. ती पुरी व्हायच्या आत जमादार रिकाम्या हातानं चौकात जाऊन उभे राहिले होते. मी चौकीच्या खांबाआडून पाहत होतो!

जमादार ओरडले नाहीत. एकेकाला नावानं हाक मारू लागले. "सदू, आईचं औशीद आणायला गेलतास का न्हाय? बंडू, परवा सोयरीक ठरलीया, डोस्कं फोडून घेऊन पाटावर बसतोस व्हय? आन् इब्राहिम, तुझ्या वस्तादाला बोलवू काय हितं?" दहा-बारा नावं झाली आणि काठ्या खाली आल्या. विसाव्या नावाला चौक रिकामा!

मी रिपोर्ट लिहायला बसलो, चांगली दोन पानं भरायच्या तयारीनं. "काय लिहू?"

"लिवा, जमले आन् गेले."

*

आणि मग तो हुकूम आला. यापुढे प्रत्येक जमादारानं आपल्या चौकीची डायरी, म्हणजे रोजच्या रिपोर्टांची वही, स्वतः वाचली पाहिजे. मुदत तीन महिन्यांची. परीक्षा खुद्द साहेब घेणार. नापास होईल त्याचा पट्टा उतरणार.

जमादारांच्या पेन्शनीला दोन वर्षं उरली होती. फौजदार हसून म्हणाले, "आता कसलं शिकतोय हा!" मला फार वाईट वाटलं. एवढा माणूस अ, आ, ई पायी घरी बसणार!

दुसऱ्या दिवशी दुपारी जमादार माझ्या टेबलाशी येऊन, जाजमावर मांडी घालून बसले. "शिकवा."

पाटी आणली, पण पुस्तक कुठलं आणणार? कपाटात जुन्या डायऱ्या होत्या, त्याच काढल्या. माझंच अक्षर, त्यांचाच अंगठा. महिन्याभरात ते अक्षर लावून वाचू लागले. गस्तीला निघाले की दुकानांच्या पाट्या वाचायचे, एकेका पाटीपुढं पाच-पाच मिनिटं. दुकानदार घाबरायचे, "जमादार, आमचं काय चुकलं?" "कायबी न्हाय. तुमचा 'ध' लई अवघड हाय!"

परीक्षेच्या आठवड्यात एका पानावर ते अडले. बोट ओळीवरून पुढे सरकेना. मला वाटलं, जोडाक्षर असेल. "सांगू?" म्हटलं, तर त्यांनी नुसती मान हलवली आणि डायरी मिटली. त्या दुपारी पुढचा धडा झाला नाही.

*

परीक्षेला कचेरी भरली होती. साहेब मधे, फौजदार त्यांच्या उजव्या हाताला, मी दौत-टाक घेऊन कोपऱ्यात. साहेब म्हणाले, "कुठलंही पान काढ आणि वाच."

जमादारांनी कपाटातली चार वर्षांपूर्वीची डायरी काढली, पान न शोधता उघडली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायला लागले.

"मी... दस्तगीर जमादार... समक्ष लिहून देतो की... कुलूपवाला महादू याला... पेठेतल्या धान्याच्या दुकानाचं कुलूप फोडताना... मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

मी टाक खाली ठेवला. तो महादू याच पानाच्या जोरावर शहरातून हद्दपार झाला होता आणि अजून परत आला नव्हता. ते पान मी लिहिलं होतं. फौजदारांनी सांगितलं, "जमादारानं पाहिलंय, लिही," आणि मी लिहिलं. जमादारांना विचारायला मी उठलो नव्हतो. इतर चार पानांबरोबर हेही त्यांच्यापुढं धरलं, आणि त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवून अंगठा उठवला.

फौजदार खिडकीबाहेर बघू लागले. साहेबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते खूश होऊन म्हणाले, "शाब्बास! एक अक्षर चुकलं नाही. पास! पट्टा तुझा राहिला, जमादार."

जमादारांनी सॅल्यूट केला. डायरी मात्र मिटली नाही. ती तशीच उघडी साहेबांपुढं ठेवली आणि खालच्या काळ्या ठशावर बोट ठेवलं.

"वाचाय आलं, साहेब. पर ह्यातलं मी कायबी बघितलं न्हवतं. आता ह्यो अंगठा पुसायचा कसा, तेवढं शिकवा."