दक्षिणमुखी प्लॉट

चिखलीत आमचं घर स्वस्तात झालं ते लोकांच्या भीतीमुळे. रस्त्याच्या उत्तरेकडच्या ओळीतल्या प्लॉटांचं तोंड दक्षिणेला येतं, आणि तसा प्लॉट आमच्याकडे सहसा कोणी घेत नाही. दक्षिण म्हणजे यमाची दिशा. समोरच्या ओळीतले प्लॉट केव्हाच विकले गेले होते, तिथे घरं उभी राहून त्यांना रंगही लागले होते. आमच्या ओळीत गाजरगवत माजलं होतं आणि भाव पडलेला होता.

"लोकांच्या अडाणीपणावर सूट मिळतेय," मी नवऱ्याला म्हटलं. "घेऊन टाकू."

हे वाक्य मला तेव्हा इतकं आवडलं की पुढे एक-दोन सभांमध्येही मी ते टाळ्यांसाठी वापरलं.

मी पत्रकांच्या घरात वाढले. वडील हुंड्याविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध, मुहूर्ताविरुद्ध पत्रकं लिहायचे, पदरचे पैसे घालून छापायचे आणि आठवडी बाजारात उभं राहून वाटायचे. अक्षरं मी त्याच पत्रकांवर बोट ठेवून शिकले. आमच्या घरात कपाटाच्या फळ्यांवर पत्रकं, पुस्तकांना कव्हर पत्रकांचं, दाण्याच्या पुड्याही पत्रकांच्याच. माणूस चुकतो कारण त्याला माहीत नसतं. माहिती दिली की तो सुधारतो, असं मला वाटायचं. अजूनही बरंचसं वाटतं.

नवरा कृषी केंद्रात कामाला, मी खाजगी शाळेत शिकवायची. आम्ही पत्र्याच्या एका भाड्याच्या खोलीत राहायचो. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की दुपारी खोलीत बसणं म्हणजे भाजणंच. कूलर घ्यायचा नाही असं ठरलेलं होतं. नवरा चादर ओली करून खिडकीला टांगायचा आणि पुढे येऊन गंभीरपणे विचारायचा, "महाबळेश्वर कसं काय वाटून राह्यलं?" भाजी बाजार उठताना आणायची, तेव्हा विकणाऱ्या बायका उरलेली मेथी जवळजवळ फेकूनच देतात. डाळ आणायची ती चुरीची. वर्तमानपत्र वाचनालयात, सिनेमा दुसऱ्यांच्या तोंडून. लग्नाच्या पत्रिका आल्या की मी सांगायची, आम्ही आहेर घेत नाही आणि देतही नाही. ते तत्त्व होतं, आणि त्यात बचतही होती. या दोन गोष्टी त्या वर्षांत इतक्या एकजीव झाल्या होत्या की कुठे एक संपते आणि दुसरी सुरू होते ते मला सांगता आलं नसतं.

या सगळ्यात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. त्या बीबी गावाला माझ्या मोठ्या दिरांकडे राहायच्या. तिथे त्यांची खाट धान्याच्या खोलीत, पोत्यांच्या आणि खताच्या पिशव्यांच्या मधे. त्या खोलीला खिडकी नव्हती. दिरांचं वागणं वाईट होतं असं नाही. घरात माणसं जास्त आणि जागा कमी, एवढंच. आमचं घर झालं की त्या आमच्याकडे येणार हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. ते घर जितकं आमचं होतं तितकंच त्यांचं.

म्हणून त्याही आमच्याबरोबर काटकसर करत होत्या. दर पंधरवड्याला त्या एसटीच्या ड्रायव्हरकडे एक पिशवी द्यायच्या आणि फोन करायच्या, "गाडी निंगाली. ड्रायव्हर मिशीवाला हाये." मी स्टँडवर उभी राहून मिशा शोधायची. पिशवीत ज्वारीचं पीठ, वांगी, मुगाच्या वड्या, कुरड्या. एकदा आल्या तेव्हा आमच्या डब्यांची झाकणं उघडून बघत म्हणाल्या, "काय वं, एवढं चिक्कट राहून घर बांधसान, अन् त्या घरात उंदराले काय खाऊ घालसान?"

"उंदीर येणारच नाहीत, आई. पक्कं घर आहे."

"मंग मी येऊन काय करू? मले तं कोणाले तरी हाकलाले पाह्यजे."

प्लॉट घेतल्याचं सांगितलं तेव्हा फोनवर त्या खूश झाल्या. मग त्यांनी विचारलं, "तोंड कोणीकडं?" नवऱ्यानं सांगितलं. पुढच्या पिशवीबरोबर त्या स्वतःच आल्या. आम्ही त्यांना प्लॉटवर नेलं. त्या गाजरगवतात पाय न घालता रस्त्यावरूनच बघत राहिल्या.

"जागा चांगली हाये," त्या म्हणाल्या. "फक्त एक करा. पूर्वेकून लहानसं दार काढा. तुमी पुढून या-जा करा, मी काई म्हणत नाई. मी माह्या दारानं येईन."

एवढंच मागणं होतं. गवंड्यानंही पाया आखताना विचारलं, "मॅडम, इकडून दाराची जागा सोडून ठेवू का? नंतर फोडाफोड नको." पूर्वेला आमच्या भिंतीबाहेर हातभर पट्टी होती आणि पलीकडचा प्लॉट मोकळाच होता. दार सहज निघालं असतं.

मी नाही म्हटलं. खर्च वाढतो असं मी सांगितलं, पण ते खरं कारण नव्हतं. ज्या भीतीविरुद्ध माझ्या वडिलांनी आयुष्यभर पत्रकं वाटली, तिच्यासाठी मी माझ्या घरात दार ठेवायचं? मग मी शाळेतल्या मुलांना काय सांगणार? नवरा एकदा म्हणाला, "मायसाठी ठेवू ना वं एक दार." मी म्हटलं, "एकदा आत आल्या, चार दिवस राहिल्या, की त्यांचं त्यांनाच कळेल. भीती अशीच जाते." त्यालाही आतून तेच हवं होतं. आईनं आपल्या नव्या घराला भ्यावं हे त्याला आवडत नव्हतं.

घर झालं. वास्तुशांत केली नाही. ओळखीच्या लोकांना चहा-चिवड्याला बोलावलं, वडिलांनी छोटंसं भाषण केलं. सासूबाईंनी पिशवी पाठवली, स्वतः आल्या नाहीत. गुडघा दुखून राह्यला, असा निरोप होता. मग वावरातलं काम निघालं. मग आणखी काही. त्यांच्यासाठी म्हणून बांधलेल्या खोलीला मोठी खिडकी होती. तिथे आम्ही माझी पुस्तकं तात्पुरती ठेवली.

हिवाळा आला तेव्हा मला त्या घराचं खरं सुख कळलं. दक्षिणेच्या दारातून ऊन थेट आत येतं, पार ओट्यापर्यंत. सकाळी दारात पाट टाकून बसलं की पाठ शेकून निघते. सासूबाईंना थंडी सोसत नाही. मी मनातल्या मनात त्यांना रोज त्या उन्हात बसवायची आणि म्हणायची, बघा, ही तुमची यमाची दिशा.

त्याच हिवाळ्यात त्या मोतीबिंदूसाठी चिखलीला आल्या. ऑपरेशन झालं, डोळ्याला पट्टी. नवऱ्यानं ऑटो सरळ घरापुढे आणला. मी दारात पाणी घेऊन उभी होते. त्या उतरल्या, वळल्या, आणि रस्ता ओलांडून समोरच्या घराच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या.

समोरची बाई बाहेर आली. "या ना, आत या, आजी."

"नाई वं बाई, इथंच बरं हाये. माह्या सुनेचं घर पाहून राह्यली."

मी चहा घेऊन रस्ता ओलांडला. मग भाकरी-पिठलं घेऊन ओलांडला. नवरा दारात उभा होता. "माय, लोक पाहून राह्यले," तो म्हणाला.

"पाहू दे. मी चोरी केली का?"

तो आत निघून गेला. मी त्यांच्या शेजारी बसले. मला राग आला होता, आणि तो दाबून मी पत्रकातल्या भाषेत समजावायला लागले: दिशा माणसानं ठरवल्या, जमिनीला तोंड नसतं, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एका डोळ्यानं आमच्या दाराकडे बघत होत्या.

"तुले म्हाईत नाई," त्या म्हणाल्या. "माही पयली पोरगी होती. चालाले लागली होती. तवा आमचं घर असंच होतं, जमाकडं, दक्षिणेकडं तोंडाचं. हगवण लागली अन् गेली."

नवऱ्याला एवढंच माहीत होतं की त्याच्या जन्माआधी एक बहीण गेली.

"सगळे म्हणत, मायनं ध्यान नाई देल्लं. वावरात गेली होती म्हणे, पोरीले सोडून. सासू म्हणे, नणंद म्हणे, हे म्हणत. म्या भाकर सोडून देल्ली होती. मंग गावात एक म्हातारा आला, त्यानं घर पाह्यलं अन् म्हणे, बाईचा दोष नाई, दाराचा हाये. तवापासून कोणी मले काई नाई म्हटलं. घर बदललं." मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "आता तू म्हणतं, दाराचा दोष नसतोच. मंग कोणाचा व माय?"

मला उत्तर माहीत होतं. दूषित पाणी, मीठ-साखरेच्या पाण्याची माहिती नसणं, दूरचा दवाखाना. दोष ना दाराचा, ना त्यांचा. हे सगळं आमच्या एका पत्रकात आहेही. पण ते इतक्या वर्षांनी आलं होतं, आणि तो म्हातारा त्या आठवड्यात आला होता. मी त्यांच्या ताटात पिठलं वाढलं.

संध्याकाळी नवऱ्यानं त्यांना गावातल्या एका लांबच्या नातेवाइकाकडे पोचवलं. रात्री मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं फोनमध्ये गवंड्याचा नंबर शोधला. मग म्हणाला, "उद्याच गवंड्याले बोलावतो."

गवंडी आला, घराला वळसा घालून पूर्वेकडे गेला आणि तिथूनच हाक मारली. पलीकडच्या प्लॉटवाल्यानं दिवाळीनंतर बांधकाम काढलं होतं. आम्ही ते रोज बघत होतो, विटांचा ढीग, रेती, सगळं, पण त्या नजरेनं कधी बघितलं नव्हतं. त्यानं भिंत हद्दीला अगदी भिडवून उचलली होती. मधे राहिली होती ती हातभर पट्टी, आमची.

"दार निंगन," गवंडी म्हणाला, "पण उघडून जाईन कुठं माणूस? मांजर जाईन फार तर." मागून काढू का, असं नवऱ्यानं विचारलं. मागे संडासाची टाकी आणि तिसऱ्याच कोणाची भिंत, पश्चिमेला आमचीच भिंत हद्दीवर. गवंड्यानं मान हलवली. "तवाच म्हटलं होतं, मॅडम." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

मी अजूनही सांगेन, दक्षिणेत काही नसतं. कोणत्याही सभेत सांगेन. पण त्या वेळी माझ्यासमोर सभा नव्हती. एक बाई होती, तिनं माझ्याकडे पटवून मागितलं नव्हतं, फक्त वेगळ्या वाटेनं आत येऊ द्या म्हटलं होतं. तिनं आमच्या बरोबरीनं पै-पै वाचवली होती, आणि आमच्या तत्त्वाची झळ मात्र तिला एकटीलाच बसली. ती आजही बीबीला पोत्यांच्या खोलीत झोपते.

मी त्यांना फोन केला. भिंतीचं सांगितलं. माफी मागायला सुरुवात केली तर त्यांनी मधेच तोडलं.

"जाऊ दे व. कायले रडतं? दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन राह्यलंच हाये. तवा येईन ना. समोरच्या बाईले सांगून ठेव, तिच्या पायऱ्या झाडून ठेव म्हणा."

"आई..."

"अन् चहात साखर टाकत जाय. घर झालं आता. कायची बचत करतं?"