मखरामागचा तापलेला जॉइंट

"काका, आधी मेन बंद करा!" मी ओरडलेच.

"वेडी का गो तू? देव बसलाय. त्याच्यापुढं काळोख करू?"

पोलादपूरच्या वरच्या वाडीतलं हे घर. घरमालक काका-काकी मुंबईला, घर वर्षभर बंद, गणपतीला उघडतं. लायटी मिचमिचतात म्हणून मला बोलावलेलं. मी महाडच्या एका शेठकडं वायरमनचं काम करते. शाळा आठवीपर्यंत, वर वायरिंगचा कोर्स. परीला, माझ्या छोट्या पोरीला, सांभाळायला कोण नाय, म्हणून सोबत नेलेली. ती मखराच्या पायाशी बसून मोदक खात होती.

आणि मला जळका वास आला.

"धूप हाय तो," काकी म्हणाल्या. सकाळपासून सगळे तेच समजत होते. पण धुपाला प्लास्टिकचा वास कसा येईल? मी मागचा पडदा सारला. झालरीला टेकून वायरचा जॉइंट, टेप वितळून काळी पडलेली. परी हातभर अंतरावर!

तिला उचलून काकींकडं दिली. "पडवीत न्या आधी." आणि मेन बंद करा म्हणून काकांवर ओरडले ते तेव्हाच.

काकी काकांवर खेकसल्या, "समई लावा की देवाला! समई काय लायटीवर चालते?"

काकांनी मेन पाडला. मी टेस्टर लावून बघितलं, करंट नाय. शेठना फोन लावला.

"शेठ, जुनी वायर ॲल्युमिनियमची हाय. कोणीतरी नवी तांब्याची नुसती पिळून जोडलीय, वर त्याच लाईनवर गिझर चालवतात."

"मग तोड तो पीळ. करपलेलं कापत मागं जा, चांगली तार लागेपर्यंत. दोन्ही धातूंना चालणारा कनेक्टर हाय ना बॅगेत?"

"हाय."

"मग रडतेस कशाला?"

ॲल्युमिनियम तापलं की तांब्यापेक्षा जास्त फुगतं, गार झालं की आकसतं. असं करत जॉइंट ढिला होतो. ढिला झाला की अजून तापतो. आमच्याकडच्या दमट हवेत तर दोन्ही तारा एकमेकीला लागल्या की गंजतात. कनेक्टरमध्ये प्रत्येक तारेला वेगळं भोक, वेगळा स्क्रू. एकमेकीला लागतच नाय. ॲल्युमिनियमचं टोक घासून त्याला गंज रोखणारी पेस्ट लावायची, म्हणजे हवा लागत नाय.

"झालं का गो? आरतीला माणसं आली."

"थांबा ना काका!"

स्क्रू आवळला. तार ओढून बघितली. परत आवळला. कनेक्टर डबीत बंद करून डबी कापडापासून लांब, भिंतीवर ठोकली.

मेन चालू केला. लायटी मिचमिचल्या नाय. अख्खी आरती मी मखरामागं डबीला हात लावून उभी, टाळ्या वाजवायचं सुचलंच नाय. डबी गार राहिली. तरी गिझर मी बंदच ठेवायला लावला. जुन्या वायरवर तो भार नको, आधी सगळी वायर बदला म्हटलं.

"मग आंघोळीचं काय?"

"चूल हाय ना काका."

जुन्या घरात नवी वायर ओढायच्या आधी मेन पाडून जुनी सोलून बघा. रुपेरी, म्हणजे ॲल्युमिनियमची, निघाली तर पिळून टेप मारू नका, वायरमनला बोलवा. आरती उशिरा झाली तरी चालते.