चोवीस फुटांचा उतार

लोहाऱ्यात एका सरकारी कचेरीच्या दारातला उतार म्या बांधला. त्यावरनं फटफटी चढली की काम पास, असं आमच्या गवंड्यांत चालतं. मग तपासायला एक बाई आली, चाकाच्या खुर्चीत बसून. नाव म्या कधी विचारलं न्हाय. मांडीवर टेप, बोलणं हळू अन् वाक्यावाक्याला "बरं का काका".

"दोन फूट उंचीला चोवीस फूट लांबी लागते. तुमची दहाच भरली, बरं का काका."

शिपाई खुर्ची ढकलाया धावला. "हात काढा," ती म्हणाली.

वरनं कचेरीचा साहेब बोलला, "मॅडम, दोन माणसं उचलतील की!"

"साहेब, तुम्हाला रोज कोण उचलून आणतं?"

साहेब तपासणीचा कागद घेऊन खाली आला. चहा आला, तर तिनं परत धाडला. "वर येऊन पिईन."

चाळीस वर्सं थापी धरली, माझं काम कुणी मोडलं नव्हतं. लई राग आला. पण खरं ते खरं. घण म्याच मारला. जागा पुरंना म्हणून मधी वळण घेतलं, वळणावर दम खायला सपाट ओटा केला, दोन्ही अंगांनी कठडा लावला.

ती पुन्हा आली. आधी टेप लावलीच. मग आपल्या हातानं चाकं फिरवत, कुठंबी न अडता, थेट दारात गेली. अन् एवढी हळू बोलणारी बाई वरनं ओरडली, "काका, चहा सांगा! दोन!"

पायऱ्या जवळ होत्या. मी उतारावरनंच चढलो.