न्हाणीमागची राजेळी

पोरांनो,

तुम्ही तिकडच्या बागेतल्या जुन्या जातीच्या सफरचंदाचा फोटो पाठवलात. वर लिहिलंत, "आजी, तुमच्याकडे असं जपलेलं काही नसेल ना?" ते मला झोंबलं, म्हणून आजच लिहायला बसले.

आपली राजेळी केळ. झाड उंच, घड धरायला वर्ष उलटून जातं, आणि घडात फण्याही मोजक्याच. पण एकेक केळं वीतभर लांब, पिकलं तरी कडा न मोडणारं, गर केशरट. साल काळपट पडल्याशिवाय ते खरं पिकत नाही; नवखा माणूस सडलं म्हणून टाकून देतो. सोलून मांडवावर उन्हात सुकवलं, दव पडायच्या आत रोज घरात घेतलं, की त्याची सुकेळी होतात.

नव्वदीच्या अखेरीस तुमच्या धाकट्या आजोबांनी, म्हणजे माझ्या दिरांनी, सांडोरच्या वाडीतली राजेळी काढून सगळीकडे बसराई लावायचं ठरवलं. बसराई ठेंगणी, लवकर येणारी, भरगच्च घडाची.

मी म्हटलं, "विहिरीकडची एक रांग राहू द्या."

"वहिनी, तुम्ही शाळेत इंग्रजी शिकवा. वाडी माझ्यावर सोडा."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर राजेळीचे कंद उपटून बांधावर टाकलेले. मी पदर खोचला, कंदांना फुटलेले जिवंत कोंब, म्हणजे मुनवे, निवडले आणि न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर लावले. दीर कुंपणाशी उभे राहून हसत होते.

"वहिनी, तिथं डास होतील."

"होऊ देत. घराची मागची बाजू माझी आहे."

झाडं कौलांच्या वर गेली. वाऱ्याने कलली, तेव्हा मी स्वतः बांबूचे टेकू लावले. कोणाला बोलावलं नाही.

पुढे दिरांच्या लेकीचं लग्न झालं. पहिल्या दिवाळीनंतर तिच्या सासरी सुकेळी पाठवायची आपल्यात रीत. दिरांनी बसराईचीच सोलून मांडवावर घातली. चार उन्हं खाऊनही ती चिकट लगदाच राहिली, वर गांधीलमाश्या. संध्याकाळी ते माझ्या मागच्या दारी आले.

"वहिनी, विहीणबाई विचारतायत हो."

"बसराईची पाठवा की. घड केवढाले येतात!"

"आता टोमणे पुरेत. देता का नाही?"

"देते. पण विहिरीकडे रांग परत लावायची. मुनवे माझे, खड्डे तुमचे."

खड्डे त्यांनी खणले, पुटपुटत. मी शेजारी उभी राहून एकेक मुनवा हातात दिला.

ती रांग काही वर्षं टिकली. मग वाडीचा तो तुकडा विकला गेला आणि विहीर बुजवली. मागची बाजू विकायला मी सही दिली नाही. तीनदा माणसं येऊन गेली. चहा पाजून परत पाठवली. अजून येतात.

न्हाणीमागे आज राजेळीची झाडं उभी आहेत. एकाला घड धरला आहे.