धूर कुणी केला

दत्ताकाका, माझे धाकटे चुलते, गेल्याचा फोन आला तेव्हा मी कशेळीला कंटेनरच्या रांगेत अडकले होते. काकी एवढंच म्हणाली, "सावकाश ये. घाई करून काय उपेग न्हाय आता..."

दापोड्याच्या आमच्या घरातले ते पहिले फौजी. तोफखान्यात होते, पण तोफ डागण्यापेक्षा ती लपवण्यात त्यांचा हात बसलेला. विमानातून ओळखू येऊ नये म्हणून सावली कशी मोडायची, हे ते आम्हा पोरांना अंगणातल्या ट्रॅक्टरवर पेंढा पसरून दाखवत. म्हणत, "लपायचं म्हंजे निस्तं दडून बसायचं न्हाय. दुश्मनाला दुसरीकडं बघायला लावायचं."

त्यांची लढाईची गोष्ट आम्हाला पाठ होती. सीमेजवळच्या शेतात तोफा आणल्या, पण ओल्या मातीत गाड्यांच्या चाकोऱ्या उमटल्या. त्या पुसत बसण्यापेक्षा गाड्या तशाच पुढे न्या, असं काकांनी सुचवलं. चाकोऱ्या दूरच्या माळापर्यंत गेल्या आणि तिथे ओंडके, पत्रे उभे करून खोट्या तोफा मांडल्या. खऱ्या तोफा मागेच, जाळीखाली. "पन मानसाबिगर तोफा कोन खऱ्या मानंल? म्हनून एक जन रोज तिथं जाऊन चूल पेटवायचा. धूर दिसला पायजे!" एका सकाळी विमानं आली आणि बॉम्ब त्या धुरावर पडले. खऱ्या तोफांजवळचा एकही माणूस दगावला नाही. चूल पेटवणाऱ्याचं काय झालं, असं विचारलं की काका हसत. "वाचला. चिवट होता."

तेराव्यानंतर पंजाबातून एक म्हातारे गृहस्थ भेटायला आले. काकांच्या तुकडीतले. चहाचा कप तसाच हातात धरून ते काकीला म्हणाले, "भाभीजी, उस दिन चूल्हा जलाने दत्ता ही गया था. रोज वही जाता था. कहता था, तरकीब मेरी है, तो खतरा भी मेरा." मातीच्या ढिगाऱ्यातून त्यांनीच काकांना ओढून काढलं होतं.

काकीचा हात तिच्या डाव्या कानाकडे गेला. काकांचा डावा कान पार गेलेला. तोफांच्या आवाजाने गेला, असं सांगून त्यांनी आख्खा संसार केला होता. "मला बी फसवलं की ओ!" ती म्हणाली, आणि डोळे पुसता पुसता मोठ्यांदा हसली...

ओटीवर त्यांची खुर्ची अजून डावी बाजू भिंतीला लावून ठेवलेली आहे. परवा मी ती हलवायला गेले, तर काकीने हात धरला. "ऱ्हाऊ दे तिथंच. उजवीकडनं बोललं का ऐकू येतं त्यांना."